उंच रोपांची मोजणी

रविवार, ३ मे
दुपार

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. दोन वर्षांत मी एक ओळही पाठवली नाही, आणि आज पाठवते आहे ती काम पडले म्हणून, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. पाकिटावरचे अक्षर ओळखून तुम्ही ते न उघडता बाजूला ठेवलेत, तर मला तक्रार करायला जागा नाही. तुमचा पत्ता काकूंनी दिला. प्रयोगशाळेतले ट्रे धुणे आणि ओल्या कागदांच्या गुंडाळ्या करणे अजून त्यांच्याकडेच आहे. तुमचा खणात राहिलेला चष्मा त्यांनीच टपालाने पाठवला होता, हेही आता कळले. पत्ता देताना म्हणाल्या, "लिहा, पण लांबण लावू नका. बाईंना लांबण सोसत नाही."

तुमच्या टेबलावर आता मी बसते. बीजपरीक्षक म्हणून सही माझी असते. नेमणूक अद्याप कायम झालेली नाही. त्यासाठी साहेबांचा शेरा लागतो आणि तो जूनअखेर व्हायचा आहे.

२२ एप्रिलला सरकीचा एक मोठा लॉट तपासणीला आला. कंपनी तीच. नमुना घेऊन येणाराही तोच, ज्याला काकू 'रंगवाला' म्हणतात, कारण त्याच्या पिशवीतले बी हाताळले की दिवसभर बोटे जांभळी राहतात. मी चारशे बिया मोजून घेतल्या, शंभराच्या चार तुकड्या केल्या, ओल्या कागदांवर मांडल्या, गुंडाळ्या पंचवीस अंशांच्या कपाटात उभ्या केल्या. चौथ्या दिवशी पहिली मोजणी केली तेव्हा रोपे इतकी वाढलेली होती की मला आनंदच झाला. काल पुन्हा एक गुंडाळी उघडून पाहिली. रोपे वीतभर उंच, फिकट आणि धाग्यासारखी बारीक झाली होती. काकू गुंडाळीचे दुसरे टोक धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "उंच झालीत खरी, पण वाऱ्याला नेली तर आडवी होतील. आमच्या धाकट्या दिरासारखी. सहा फूट देह, आणि पाण्याची बादली उचलवत नाही." मी हसले, आणि हसता हसता थांबले.

कारण अशी रोपे मी एकदा पाहिली आहेत. तुम्हांला ती आठवत असतील. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्या लॉटमध्ये शंभरात बावन्न सामान्य रोपे मोजलीत आणि लॉट नापास केलात. पास व्हायला पंचाहत्तर लागतात. साहेबांनी फेरमोजणी माझ्याकडे दिली. मी शिकाऊ होते. मी शहाऐंशी मोजली. मी नियमपुस्तकाप्रमाणे मोजली. केवळ उंचीवरून रोप नाकारावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आठवड्याने तुमच्यावर 'मनमानी मोजणी'चा ठपका आला आणि तुम्ही गेलात.

आज विचारते ते एवढेच की, त्या रोपांत तुम्हांला काय दिसले होते? आणि त्या महिन्यात तुमच्या खिडकीत बुटक्या वाटाण्याच्या कुंड्या होत्या, ज्या साहेबांनी फेकायला लावल्या, त्या कशासाठी होत्या?

अखेरची मोजणी उद्या आहे. माझी सही झाली की २३ तारखेला गोदामातून ट्रक निघतील, आणि पंधरा दिवसांत ही सरकी मातीत गेलेली असेल. एकदा पेरलेले बी परत मागवता येत नाही. मला फार भीती वाटते, बाई.

आपली आज्ञाधारक,
(तुम्ही जिला 'पाठांतर' म्हणत असा, ती)

*

शनिवार, ९ मे
दुपार

आदरणीय बाई,

उत्तर आले नाही. ते यावे असा माझा हक्क नाही, हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज टपालाची पेटी उघडते.

४ तारखेची मोजणी अशी आली: अठ्ठ्याऐंशी, एकाहत्तर, नव्वद, एकोणसत्तर. मी सही केली नाही. साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा ते चष्मा पुसत होते.

"फेरतपासणी कशाला?"

"चार तुकड्यांत एकवीसचा फरक आहे, सर. पुस्तकात सोळापर्यंत चालतो."

"सरासरी किती?"

"साडेएकोणऐंशी."

"मग पास आहे की."

"फरक जास्त असेल तर सरासरी धरता येत नाही, सर. परिशिष्ट दोन, तक्ता तीन."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुमचं हे पाठांतर कधी आपल्या कामाचं असतं, कधी नसतं. शनिवारी कपाट मोकळं होईल, तेव्हा नवा संच लावा. घ्या बारा दिवस. पण बावीस तारखेला दुपारी बारापर्यंत मला सही हवी. तेराव्या दिवसाला तक्ता नाही तुमच्या पुस्तकात."

नवा संच आज सकाळी लावला. मजकूर इथेच संपवायला हवा होता, परंतु दोन गोष्टी कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

मंगळवारी बसथांब्यावर रंगवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याची बस त्या रस्त्याने जात नाही. म्हणाला, "काय ताई, आमच्या पोरांना पुन्हा परीक्षेला बसवलंत म्हणे. बसवा, बसवा. पहिल्या नंबरानं पास होणाऱ्यांना दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला आवडतंच." मी समोरच्या बसची पाटी वाचत राहिले. मग सहज विचारल्यासारखे म्हणाला, "बाबांचा गुडघा काय म्हणतो? दुकानाच्या त्या तीन पायऱ्या जड जातात हो त्यांना." बाबांच्या गुडघ्याविषयी मी कार्यालयात कोणाजवळ बोललेले नाही. दुकानाला तीन पायऱ्या आहेत हे तर मीही कधी मोजले नव्हते.

घरी आले तर बाबा खुशीत होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणाले, "अगं, तुझ्या ओळखीचे एक गृहस्थ घड्याळ टाकून गेले. बंद नाही, मागे नाही, पुढे नाही. म्हटलं, यात दुरुस्त काय करू? तर म्हणाले, असू द्या, झालं की मुलीच्या हाती पाठवा. भला माणूस. तुझं फार कौतुक करत होता."

ते घड्याळ बाबांच्या काचेखाली व्यवस्थित चालते आहे. मी तिथे बसून जेवू शकत नाही.

ग्रंथालयात वनस्पतींच्या संजीवकांवरचे एक जुने पुस्तक सापडले. झाडाची वाढ, बोंडाचे उघडणे, पानांची गळ ही सारी कामे रोपाच्या अंगातली जी अत्यल्प द्रव्ये करतात, तीच बाहेरून फवारून काय काय घडवता येते, याची त्यात चर्चा आहे. एका पानावर बुटक्या वाटाण्याचे चित्र होते. शेजारी तेच रोप, संजीवक घातल्यावर तिप्पट उंच झालेले. त्या दिवशीच बुटक्या जातीचे आठ वाटाणे दोन कपांत पेरले आहेत. ते घरी ठेवले आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

आपली

*

शनिवार, १६ मे
सकाळ

आदरणीय बाई,

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. पोस्टकार्डावर सात ओळी आहेत. त्या मला आता तोंडपाठ आहेत आणि यासाठी तुम्ही मला हसलात तरी चालेल. "क्षमा वगैरे नंतर. एक संच अठरा अंशांना लाव, सात दिवस. बी कापून पाहा. शेतातली फवारणीची नोंद वाच. बियांचा रंग धुतलेलं पाणी वाटाण्याला घाल, शेजारी साध्या पाण्याचा कप ठेव. साक्षीदार नसेल तर प्रयोग म्हणजे नुसत्या गप्पा. तुझी बाजू मांडू नकोस, आकडा मांड. घाबरली असशील तर घाबरलेल्या हातानं कर." शेवटचे वाक्य मी वहीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे, जिथे कोणी पाहत नाही.

सांगितल्याप्रमाणे केले.

वाटाणा. दोन्ही कपांत रोपे दोन-दोन बोटे उंच होती. एका कपाला साधे पाणी घातले, दुसऱ्याला जांभळे. आज, पाचव्या दिवशी, साध्या पाण्याची रोपे अडीच बोटे आहेत. जांभळ्या पाण्याची कपाच्या काठावरून खाली लोंबत आहेत. आईने विचारले, "हे कसलं खत गं? माझ्या कुंड्यांना दे की थोडं." मी तिला म्हटले, हे खत नाही. जे संजीवक खोडाला ताणते, ते बियांवर चढवून वर रंग दिलेला आहे.

कापणी. पन्नास बिया उभ्या कापल्या. चांगल्या सरकीत गर टरफलाला भिडलेला असतो. इथे तेवीस बियांत तो अर्ध्यावरच थांबलेला आहे. अखंड बी कानाशी हलवले तर आत खुळखुळते.

नोंद. शेतातला कागद लॉटसोबत जोडलेला असतोच. मी तो आजवर केवळ सह्यांसाठी पाहत होते. बोंडे उघडणारे औषध ज्या तारखेला फवारले, त्या तारखेला शेवटची फुले उमलून अवघे अठ्ठावीस दिवस झाले होते. त्याच पानावर सूचना छापलेली आहे की पन्नास दिवसांपूर्वी हे फवारू नये. सारी वेचणी एका खेपेत उरकावी म्हणून घाई केली असणार. बोंडाला हुकूम मिळाला, ते उघडले. आतले बी मात्र तयार झालेले नव्हते. मग त्या दुबळ्या बियांना दुसऱ्या संजीवकाचा रेटा दिला, म्हणजे माझ्या उबदार कपाटात, ओल्या कागदावर, बारा दिवस रोपे उभी राहावीत. बारा दिवसांपलीकडे कोणी पाहत नाही, हे ज्याने कोणी ठरवले त्याला पुरते ठाऊक होते.

इतके हाती आल्यावर मी गुरुवारी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि भिंतीवरचे परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवले.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचले. "रोपाची उंची अधिक असल्याच्या कारणास्तव ते असामान्य धरू नये. फेरमोजणीत अशा रोपांची मुळे ठीक आढळली असल्याने, त्यांची मुळे स्वतंत्रपणे तपासण्याची आवश्यकता नाही."

"खाली आधार कोणाचा दिलाय?"

माझा होता. माझी फेरमोजणी, माझी सही, दोन वर्षांपूर्वीची तारीख.

"म्हणजे उंच रोपं पास धरायची, हे तुम्हीच ठरवून दिलंय आपल्याला," साहेब म्हणाले. "वाटाणे तुमच्या पुस्तकात आहेत का? नाहीत. बी कापून पाहायची तरतूद आहे का? नाही. नापास करायचं तर मुळांवर करावं लागेल, आणि मुळं तपासायची नाहीत. बाहेर पडताना दार ओढून घ्या, वारा येतोय."

बाहेर व्हरांड्यात रंगवाला बाकावर बसला होता. त्याने उठून मला वाट दिली. फार अदबीने.

मी तुम्हांला सांगितले नाही की त्या वेळच्या लॉटच्या तक्रारी माझ्याच हातून फायलीत गेल्या. एकूण एकेचाळीस. सगळ्यांवर मी 'हवामान' असा शिक्का मारला, कारण तसा मारायला सांगितले होते. एका बाईंनी लिहिले होते की आम्ही दोनदा पेरले, तरी पडलेल्या दातांसारख्या जागा राहिल्या, तुमच्याकडे शहाऐंशी उगवले ते कोणत्या मातीत, एवढे कळवा. त्या पत्राला उत्तर पाठवलेले नाही. ते माझ्या खणात आहे.

या पत्रात आणखी एक गोष्ट लिहायची होती. ती आज लिहिता येत नाही.

आपली

*

गुरुवार, २१ मे
संध्याकाळी साडेपाच

आदरणीय बाई,

तुमचे दुसरे कार्ड काल मिळाले. "माझं राहू दे. इथे शाळेत मुलींना शिकवते, बरं चाललंय. जुनं उकरून तुझं नुकसान करून घेऊ नकोस. जे बी अजून पेरलं गेलेलं नाही, तेवढंच वाचवायचं असतं." तुम्ही हे किती सहज लिहिलेत. मी ते वाचून स्नानघरात जाऊन नळ सोडला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

तुमचे म्हणणे मला पाळता येणार नाही, त्याचे कारण आता लिहिते.

पहिल्या पत्रात मी विचारले की त्या रोपांत तुम्हांला काय दिसले होते. तो प्रश्न खोटा होता. मला ठाऊक होते. तुम्हांला जे दिसले ते मलाही दिसले होते. कागद उलगडल्यावर रोप वर उंच आणि खाली मुळाच्या जागी पेरभर खुंट, टोक तपकिरी, काचेसारखे पारदर्शक. बाजूची मुळे फुटलेली नव्हती. पुस्तकात याविषयी अगदी स्पष्ट लिहिलेले आहे. पानाचा क्रमांकही मला सांगता आला असता. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी विचारले, "उंचीबद्दल पुस्तकात काही आहे का?" मी म्हटले, "नाही, सर." हे खरे होते. मुळांबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मग मी रोपे एकेक करून डावीकडे ठेवत गेले, आणि तक्त्यात 'मुळे' या रकान्यात चार वेळा 'ठीक' लिहिले. तोच शब्द आता भिंतीवर आहे.

दोन वर्षे मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. घाबरले होतेच. परंतु तेवढेच नव्हते, बाई. त्या दिवशी सकाळी रंगवाल्यासमोर आणि दोन कारकुनांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "हिला पान क्रमांक पाठ आहेत, रोप ओळखता येत नाही." सगळे हसले. तुम्ही गमतीने म्हणालात आणि विसरलात. मी बोर्डात पहिली आलेली मुलगी. ज्या कागदावर माझा फोटो छापून आला तो बाबांनी दुकानात लावला आहे. कोणी माझ्या पाठांतरावर हसेल, हे मला सोसले नाही. दुपारी तुमच्या बावन्नच्या जागी माझे शहाऐंशी चढले, तेव्हा मनात कुठेतरी गार वाटले. तुम्ही सामान आवरत होता, त्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही. एवढे लिहायला मला तीन पत्रे लागली.

आता आजचे.

अठरा अंशांचा संच मंगळवारी उघडला. गारव्यात जोमदार बी जेवढे वाढायला हवे, त्या चार सेंटिमीटरपर्यंत शंभरात तेवीसच रोपे पोहोचली आहेत. बाकीच्या बिया फुगून तशाच राहिल्या, काही बुळबुळीत झाल्या. उबदार कपाटातला संच आज सकाळी उघडला. या वेळी प्रत्येक रोपाचे मूळ पाहिले. काकू ट्रे धरून होत्या, त्यांनी मधेच विचारले, "इतकं खाली काय बघताय आज?" मी म्हटले, "मुळं." त्या म्हणाल्या, "बाईपण असंच बघायच्या." चारही तुकड्यांची सरासरी एकेचाळीस आली. फरक सोळाच्या आत आहे.

तीन वाजता साहेबांनी बोलावले. ते रागावलेले नव्हते, आणि त्यामुळे मला अधिक भीती वाटली. चहा मागवला.

"तुमची तब्येत बरी दिसत नाही," ते म्हणाले. "उद्या रजा घ्या. परीक्षक रजेवर असेल तर सही करण्याचा अधिकार माझ्याकडे येतो. तुमच्या हाताला डाग नाही, माझ्या डोक्याला ताप नाही. जूनचा शेरा मी आजच लिहून ठेवतो, चांगला."

"आणि एकेचाळीस लिहिले तर, सर?"

"लिहा ना. मग आधी हे सिद्ध करावं लागेल की परिपत्रकातलं 'ठीक' चुकीचं होतं. म्हणजे एक तर तेव्हा तुम्हाला मुळं ओळखता येत नव्हती, किंवा ओळखून तुम्ही खोटं लिहिलंत. पहिलं असेल तर या खुर्चीत तुमचं काम काय? दुसरं असेल तर..." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "गार होतोय. हुशार मुलगी आहात तुम्ही."

रजेचा अर्ज मी लिहिला, बाई. शुद्ध लिहिला, कारणासहित. उद्या फक्त घरी राहायचे होते. मला काहीही करायचे नव्हते, आणि काहीही न करणे मला फार चांगले येते.

घरी परत येताना अर्ज हातातच होता. दुकानाशी थांबले. बाबांना सगळे सांगितले. तुमच्याविषयीचेही सांगितले, रकान्यातल्या 'ठीक'सकट. ते डोळ्यावरचे भिंग न काढता ऐकत होते. मग म्हणाले, "त्या माणसाचं घड्याळ मी सकाळीच परत केलं. म्हटलं, चालू घड्याळ मी उघडत नसतो. तो म्हणाला, मुलीला विचारा, ती उघडते का. तेव्हापासून मी विचार करतोय, याचा अर्थ काय." मी विचारले, "बाबा, नोकरी गेली तर?" ते म्हणाले, "जाईल." आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबले. ते पुन्हा कामाला लागले, पण स्क्रू दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा मी शोधून दिला.

घरी येऊन हे लिहीत आहे. उद्या काय करीन हे मी तुम्हांला लिहीत नाही. लिहिले आणि केले नाही, तर ते पत्र तुमच्याकडे राहील.

आपली

*

शुक्रवार, २२ मे
टपाल कार्यालयाच्या बाकावरून

आदरणीय बाई,

कालचे पत्र टाकायचे राहिले. ते आणि हे एकाच पाकिटात पाठवते.

साडेआठला प्रयोगशाळेत गेले. दार काकूंनी उघडले आणि एवढ्या लवकर का, म्हणून विचारले नाही. नोंदवही कपाटातून काढली. तिची पाने क्रमांक घातलेली असतात आणि शाईतला आकडा खोडता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवले आहे. परीक्षकाने हजर राहून आकडा लिहिला की त्या लॉटवर दुसऱ्या कोणाची सही चालत नाही. माझ्या घाबरलेल्या हातातून पहिला अंक वेडावाकडा आला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट अक्षर आहे. एकेचाळीस. नापास. कारणांच्या रकान्यात मुळांची स्थिती लिहिली. सही केली. वेळ घातली, आठ वाजून बावन्न मिनिटे. पानाची नक्कल करून घेतली.

सव्वानऊला साहेबांची गाडी फाटकात आली, नेहमीपेक्षा पाऊण तास आधी. त्यांना कोणी कळवले ते मला माहीत नाही. मी मागच्या दाराने निघाले. माझ्यामागे व्हरांड्यात बोलण्याचा आवाज आला आणि काकूंचे शब्द नीट ऐकू आले. "मला काय विचारता, साहेब? मी ट्रे धुणारी बाई. आकडे मला कळतात होय?" बाई, काकूंना आकडे उत्तम कळतात.

रस्ता ओलांडताना दोनदा मागे पाहिले. बसथांब्यावर रंगवाला उभा होता. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे पाहत कोणाशी तरी बोलू लागला. इथपर्यंत मी जवळजवळ धावत आले आहे.

साहेबांच्याही वर असलेल्या बीजसमितीच्या नावाने एक जड पाकीट केले आहे. त्यात नोंदवहीच्या पानाची नक्कल, शेतातल्या नोंदीची प्रत, कापलेल्या बियांचे फोटो, सीलबंद राखीव नमुन्याचा अर्धा भाग, आणि एक निवेदन आहे. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हलवून पाहिले. "आत काय खुळखुळतंय?" मी म्हटले, "सरकी." तो म्हणाला, "पाठवा, पण फुटलं आणि वाटेत उगवलं तर टपालखातं जबाबदार नाही." मी म्हटले, "त्याची काळजी करू नका. उगवणार नाही."

निवेदनाची प्रत तुमच्यासाठी सोबत आहे. तुम्ही 'माझं राहू दे' म्हणालात. ते मी ठेवले नाही, कारण परिपत्रक उभे आहे तोवर पुढच्या वर्षीचा लॉटही त्याच शब्दावर पास होईल, आणि तो शब्द माझा आहे. तुम्हांला वाईट वाटले तर मला तसे कळवा. कळवले नाहीत तरी चालेल.

आता मला परत जायचे आहे. रजा नाही, कार्यालयाची वेळ आहे, आणि परीक्षक जागेवर नसेल तर ते काय काय करू शकतात हे मला ठाऊक नाही. चालत बारा मिनिटे लागतात. घाबरलेल्या पायांनी जाता येते का, तेवढे तुमच्या कार्डात नव्हते.

निवेदनातला मजकूर फार थोडा आहे. तो इथेही लिहिते, म्हणजे पाकिटातली प्रत गहाळ झाली तरी तुमच्याजवळ माझ्या अक्षरात राहील:

"दोन वर्षांपूर्वीच्या लॉटच्या फेरमोजणीत मी सामान्य रोपे शहाऐंशी दाखवली व मुळांची स्थिती 'ठीक' लिहिली. मुळे ठीक नव्हती. ती मी पाहिली होती. मूळ मोजणीतील बावन्न हा आकडा बरोबर होता. त्या मोजणीवर 'मनमानी' असा शेरा मारून ज्या परीक्षकांना दूर करण्यात आले, त्यांची चूक नव्हती, माझी होती. त्या फेरमोजणीवरची माझी सही मी परत घेत आहे."

दोन्ही पाकिटे खिडकीत देत आहे: शुक्रवार, २२ मे, सकाळी १० वाजून १७ मिनिटे.